चिंचेने घासलेला रुपया

बडोद्याला मी एक रुपया विकायला गेले. परत येऊन तीन महिने झाले तरी गल्लीतल्या बायका विचारायच्या थांबत नाहीत, आणि प्रत्येकीला पहिल्यापासून सांगून माझं तोंड दुखतं. म्हणून एकदाच लिहून ठेवते. ज्यांना बडोदे बघायचं असेल त्यांनी राजवाडा बघावा, बाग बघावी. मी या खेपेला त्यातलं काही बघितलं नाही.

रुपया साधा नव्हे. बडोद्याला संस्थान होतं तेव्हाचा, चांदीचा. एका बाजूला महाराजांचा चेहरा, दुसऱ्या बाजूला 'एक रुपया' अशी अक्षरं आणि तलवार. माझे आजोबा संस्थानच्या फौजेत शिपाई होते. पगारात आलेले दोन कोरे करकरीत रुपये त्यांनी खर्च न करता बाजूला ठेवले. वडिलांनी ते आम्हा दोघी बहिणींना लग्नात एकेक दिला. माझा माझ्याबरोबर मिरजेकडच्या खेड्यात आला. धाकट्या कमळचा बडोद्यातच राहिला, कारण तिला स्थळ बडोद्यातलंच मिळालं.

माझा रुपया दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या ताटात असतो. आदल्या दिवशी चिंच भिजवायची, चिमूटभर राख घ्यायची, नारळाच्या शेंडीने घासायचा, आरशासारखा झाला की पुसून वर हळदकुंकू वाहायचं. पन्नासच्या वर दिवाळ्या झाल्या. मला त्याचा अभिमान होता, लपवत नाही. पाहुणे विचारायचे, नवा आणला का?

गेल्या श्रावणात मी परसात पडले. आमचा संडास परसाच्या टोकाला, गोठ्याच्या पलीकडे, आणि मधली फरशी शेवाळलेली. हाड मोडलं नाही, पण डावा गुडघा तेव्हापासून माझं ऐकत नाही. घराला लागून संडास बांधायचे गवंड्याने पस्तीस हजार सांगितले. मुलगा म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू, आई." बहात्तराव्या वर्षी बाईला पुढच्या वर्षाच्या गोष्टी सांगू नयेत.

तेवढ्यात कमळच्या मुलाचा, सतीशचा, फोन आला. तो बडोद्याजवळ बाजव्याला रिफायनरीत आहे आणि त्याला जुनी नाणी जमवायचा नाद आहे. म्हणाला, "मावशी, आईचा तो जुना रुपया मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत अमेरिकेला तपासायला पाठवला होता. पास होऊन आला! लोक साठ हजाराला मागतायत. दिवाळीच्या आधी इथे नाण्यांचं प्रदर्शन आहे, तिथे लिलावात टाकतो."

मी फोन ठेवला आणि पेटी उघडली. कमळचा साठला जातो, तर माझा, इतका निगा राखून ठेवलेला, कितीला जाईल? त्याच दिवशी चिंच भिजवली आणि रुपया पुन्हा घासला. घरात सांगितलं, यंदा दिवाळीला बहिणीकडे जाते. सून बघतच राहिली. कमळचा नवरा गेला ते एक वर्ष सोडलं तर लक्ष्मीपूजन टाकून मी कधी कुठे गेलेली नव्हते.

सुभानपुरा

रेल्वेचा प्रवास सांगण्यासारखा नाही. बसले, उतरले.

सतीश न्यायला आला होता. सुभानपुरा म्हणून जिथे रिक्षा थांबली तिथे माझ्या लहानपणी शेतं होती. आता एकावर एक चढवलेली घरं. तिसऱ्या मजल्यावर सतीशची बायको हेतल दारात उभी. मुलगी गुजराती आहे. "आवो आवो, मोटा मासी! केम छो? थाकी गया हशो!" आणि पाण्याचा पेला पुढे. घरात ती कमळशी गुजरातीत बोलते, कमळ तिला मराठीत उत्तर देते, सतीश दोन्ही मिसळून बोलतो आणि कुणाचं काही अडत नाही. मी बडोद्याची, मला गुजराती सगळं कळतं. म्हणून इथे सगळ्यांचं बोलणं बहुतेक मराठीतच लिहिते.

मला दिलेल्या खोलीला लागूनच संडास होता. पांढऱ्या फरशा, भिंतीला धरायला दांडी. पलंगावरून उठून मी सहा पावलं मोजली. सामान नंतर ठेवलं.

जेवायला दाळढोकळी होती, म्हणजे आपली वरणफळं. आमटीत एवढा गूळ घालायचा असतो हे मी विसरले होते. पहिल्या घासाला जीभ हबकली. कमळ हसली. "आक्का, तू आता पक्की घाटावरची झालीस."

"आणि तू पक्की गोडबोली."

जेवण झाल्यावर मी सतीशला म्हटलं, दाखव तो अमेरिकेचा रुपया. त्याने कपाटातून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली. काचेसारख्या जाड प्लास्टिकची बंद डबी, पत्त्याच्या पानाहून थोडी लहान. त्यात मधोमध रुपया बसवलेला, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरं, काळ्या रेघा आणि एक आकडा: पासष्ट.

मी चष्मा लावला आणि मला धक्काच बसला. रुपया मळका होता! कडेने निळा-जांभळा, मधे तेलकट पिवळा, महाराजांच्या गालावर काळपट छटा. आमच्या घरी असं भांडं दिसलं तर सुनेला बोलणी बसतील.

"हे साठ हजाराचं?"

"सत्तरपैकी पासष्ट मार्क आहेत, मावशी. सत्तर म्हणजे टांकसाळीतून आत्ता निघालेलं. एवढ्या जुन्या रुपयाला पासष्ट म्हणजे..." त्याने कानाला हात लावला.

कमळ म्हणाली, "शाळेत मला एवढे कधी पडले नाहीत."

"आणि हा रंग?"

"रंगामुळेच तर किंमत. चाळीस वर्षं एका कागदात पडून होता, त्याने हळूहळू चढलाय. मुद्दाम करायला गेलं तर होत नाही. मला कपाट आवरताना सापडला. आईलाही आठवत नव्हतं."

"मला आठवत होतं," कमळ म्हणाली. "पतंगाचा कागद होता. जांभळा." असं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं.

मी पेल्यातलं पाणी संपवलं आणि निजायला गेले. माझ्या रुपयाबद्दल अजून कुणाला काही सांगितलं नव्हतं.

प्रदर्शन

सकाळी मी लवकर उठले. विकायची वस्तू चांगली दिसली पाहिजे, आणि प्रवासात रुपयावर बोटांचे डाग पडले होते. चिंच भिजवलेली नव्हती. न्हाणीघरात सतीशची टूथपेस्ट होती. जुना ब्रश होता. मी बेसिनपाशी उभी राहून रुपया घासत होते तेव्हा सतीश दाढी करायला आला.

तो जो ओरडला, मला वाटलं याला विजेचा झटका बसला.

"मावशी! हे काय करतेस!"

"घासतेय."

"टूथपेस्टने?"

"आज चिंच नाही."

"आज?" तो खालीच बसला. "म्हणजे रोज घासतेस?"

"वर्षातून एकदा. लक्ष्मीपूजनाला. आजी पूजेची भांडी घासायची, आई घासायची, मी रुपया घासते. तुझी आई तेवढी आळशी."

त्याने रुपया माझ्या हातातून घेतला, पाण्याखाली धरला, उजेडात फिरवला आणि परत दिला. मग म्हणाला, "मावशी, असल्या नाण्याला नंबर मिळत नाही." मला वाटलं, पोराला काय कळतंय. त्याला स्वतःच्या आईचाच चांगला दिसणार. मी म्हटलं, "व्यापाऱ्याला दाखवू. तुझ्या चेहऱ्याने मी माझा भाव ठरवणार नाही."

प्रदर्शन एका लग्नाच्या हॉलमध्ये होतं. जिथे नवरानवरी बसतात त्या चौथऱ्यावर लिलावाचं टेबल. खाली दोन्ही बाजूंना व्यापाऱ्यांची मेजं, मेजांवर काचा, काचांखाली नाणी. गर्दी एवढी, की भाजीबाजार बरा. आणि सगळे पुरुष. मी आणि कमळ सोडून दोनच बायका, त्याही कंटाळलेल्या, कुणाच्या तरी बायका असाव्यात.

सतीशने मला एका ओळखीच्या व्यापाऱ्यापुढे नेऊन बसवलं. भूपेंद्रभाई नावाचा, गोल चेहऱ्याचा, गोड बोलणारा माणूस. "बेसो, बा, बेसो. चहा मागवू?" तिकडे म्हाताऱ्या बाईला बा म्हणतात. मी चहा नको म्हटलं आणि रुमालाची गाठ सोडली. त्याने रुपया कडेने धरला, डोळ्याला भिंग लावलं. एवढा वेळसुद्धा लागला नाही, जेवढा मला गाठ सोडायला लागला.

"बा, आ तो घसेलो छे."

"घासलेला नाही तर काय मळका आणू?"

तो हसला, पण चांगला हसला, टिंगल नव्हती. त्याने भिंग माझ्या हातात दिलं. "बघा तुम्हीच." मी बघितलं. महाराजांच्या गालावर, पागोट्यावर, अक्षरांच्या मधे, बारीक बारीक ओरखडे, हजारोंनी. तव्याच्या बुडाला काथ्याने काढतो तसे. साध्या डोळ्याला जी चमक दिसत होती ती सगळी ओरखड्यांची होती. पन्नास दिवाळ्या मी त्या भिंगातून मोजू शकले असते.

"किती?" मी विचारलं.

"नऊशे."

मला ऐकू नीट आलं होतं तरी मी पुन्हा विचारलं. नऊशेच.

"माझ्या बहिणीच्या, त्या डबीतल्याला, साठ हजार. आणि याला नऊशे? एकाच दिवशी आजोबांच्या हातात आले होते दोन्ही."

"बा, तेव्हा दोघे सारखेच असतील. आता त्याच्यावर नंबर आहे."

"मग माझ्यावरही घाला नंबर. पाठवा अमेरिकेला. खर्च देते."

"पाठवायचा खर्चच चार-पाच हजार. आणि ते लोक नंबर देणार नाहीत. चिठ्ठीवर लिहितील, 'साफ केलेला'. तसं लिहून आलं की मग नऊशेही कुणी देणार नाही. आत्ता निदान मी कुणाला सांगितलं नाही तर चालून जाईल." त्याने स्वतःच जीभ चावली.

मी गप्प बसणारी बाई नाही. मला ती डबीची भानगड मुळातून बघायची होती. त्याच्या काचेखाली दोन डब्या शेजारी होत्या, दोन्हीत राणीचा चेहरा असलेले इंग्रजी रुपये, एकाच सालचे. एकीवर बासष्ट, एकीवर चौसष्ट. मी भाव विचारले. बासष्टवाला अठरा हजार, चौसष्टवाला बेचाळीस.

"दोन मार्कांना चोवीस हजार?"

"असंच आहे, बा. पासष्टला मिळाला असता तर मी गाडी घेतली असती."

मी दोन्ही डब्या हातात घेतल्या, पदराखाली उलटसुलट केल्या, चिठ्ठ्यांवर दोन्ही अंगठे दाबून धरले आणि त्याच्यापुढे केल्या. "सांगा, बेचाळीसवाला कोणता?"

आजूबाजूचे दोघे-तिघे जवळ आले. भूपेंद्रभाईंनी भिंग लावलं. डावा बघितला, उजवा बघितला, परत डावा बघितला. आता मात्र वेळ घेतला. "हा," म्हणाले, डावा.

मी अंगठा काढला. बासष्ट.

लोक हसले. भूपेंद्रभाई लाल झाले, मग स्वतःही हसले. "बा, तुम्ही उद्या येऊ नका. माझ्या धंद्याची वाट लावाल."

शेजारच्या मेजावर एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले होते, शिर्के म्हणून. बडोद्याचेच मराठे, त्यांचेही आजोबा फौजेतले. ते म्हणाले, "ताई, आमच्या वेळी नाणं हातात घ्यायचो. वाजवून बघायचो. मग दोन तास भांडण, मग सौदा. आता कोण नाणं बघतो? डबीवरचा आकडा वाचतात आणि पाकीट काढतात. मुंबईत बसून फोनवर घेतात, नाणं न बघता."

"मग बंद पाडा ना हे."

"कसं पाडणार? आमच्या वेळी मीच तीन खोटी नाणी घेतली होती, खरी म्हणून. वाजवूनसुद्धा. डबीवाल्यांनी तेवढं तरी थांबवलं." ते मिशीतून हसले. "पण एक सांगतो. रुपया मात्र धुवायचा नव्हता तुम्ही."

त्या एका सकाळी ते वाक्य मला पाच माणसांनी सांगितलं. पन्नास वर्षांत एकाने सांगितलं नव्हतं.

लिलाव

लिलाव त्याच दिवशी चार वाजता. मी जाणार नव्हते, पण कमळ म्हणाली, "चल, खुर्च्या आहेत, पंखा आहे." तिने पिशवीतून लीलो चेवडो आणला होता. बडोद्याचा हा ओला, हिरवट, गोड-तिखट चिवडा मला लहानपणी इतका आवडायचा, की मी वडिलांच्या खिशातले पैसे चोरत असे. त्या दिवशी त्याला चव लागली नाही.

बोली बोलणाऱ्यांच्या हातात आकड्याच्या पाट्या होत्या. कुणी बोलत नव्हतं, नुसती पाटी वर. कमळचा रुपया आला तेव्हा पडद्यावर त्याचं मोठं चित्र आलं, ताटाएवढं. निळा-जांभळा रंग पडद्यावर मोराच्या पिसासारखा दिसला, हे मान्य करते. लिलाव पुकारणारा म्हणाला, पंचवीस हजारांपासून.

पाट्या वर जायला लागल्या. तीस. पस्तीस. पस्तीसला मी मनात म्हटलं, हा माझा संडास. चाळीस. पन्नास. कमळ चेवडा खात होती. साठ. पुढे दोघेच राहिले, एक समोरचा टोपीवाला आणि एक कुणीतरी फोनवर. सत्तर. पंच्याहत्तर. फोनवरच्या माणसाने रुपया कधी हातात घेतला नव्हता आणि तो ऐंशी म्हणाला. टोपीवाल्याने ब्याऐंशीला पाटी उचलली. फोन म्हणाला चौऱ्याऐंशी. टोपीवाल्याने पाटी मांडीवर ठेवली आणि हातोडा वाजला.

चौऱ्याऐंशी हजार! एवढी रक्कम आमच्या घरात एका वेळी कधी आलेली नाही, ऊस गेला तरी नाही. आणि ज्या बाईचा रुपया होता, ती चेवड्याच्या पुडीच्या तळाचे शेंगदाणे वेचत होती.

"कमळ, ऐकलंस का?"

"ऐकलं. सतीश म्हणतो, त्यांचं कमिशन जाऊन महिन्याने मिळतील." तिने पुडी चुरगाळली. "घरी चल. मला बसून बसून कळ लागली."

त्या घरात गॅलरीत झोपाळा आहे. गुजरात्यांचं हे मला पटतं, बसायचं तर हलत बसायचं. संध्याकाळी आम्ही दोघी त्यावर बसलो. सतीश पाळीवर गेला होता, हेतल आत दिवाळीचे मठिया तळत होती. कमळ पायाने झोका देत म्हणाली, "आक्का, तू रुपया विकायला आलीस हे मला पहिल्याच दिवशी कळलं. कशाला हवे होते?"

मी सांगितलं. परस, शेवाळ, गुडघा, पस्तीस हजार.

तिने पायाने झोका थांबवला. मग म्हणाली, "तो कागद कुणी गुंडाळला होता, आठवतं?"

आठवत होतं. सतीशने पतंगाचा कागद म्हटल्यापासून... नाही, कमळने म्हटल्यापासून तेच आठवत होतं. तिचा नवरा आषाढात गेला. दिवाळीला मी आले. कमळ तेव्हा सव्वीस वर्षांची. सासू होती तोवर पूजा सासू करायची, कमळचा रुपया ट्रंकेत कोराच पडून असायचा. त्या लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तिने पहिल्यांदाच वाटीत चिंच भिजवली होती आणि रुपया हातात घेऊन बसली होती. मी तो तिच्या हातातून घेतला. म्हटलं, तुझा हात लागलेलं लक्ष्मीला चालायचं नाही. पोरगा मोठा झाला, त्याची बायको आली, की ती करेल. कोनाड्यात तिच्या नवऱ्याने संक्रांतीला पतंग करायला आणलेला कागद उरला होता. त्यातला एक जांभळा तुकडा फाडून मी रुपया गुंडाळला आणि तिच्या ट्रंकेच्या तळाशी ठेवला. वाटीतली चिंच फुकट जाऊ नये म्हणून मी तिच्यात समया घासल्या.

लोक म्हणतील, तेव्हा तशीच रीत होती. होती. पण माझे मालक वारले तेव्हा मी माझा रुपया घासायची थांबले नाही. अडवायला माझ्याहून मोठं कुणी उरलं नव्हतं.

"तू गुंडाळला नसतास, तर मीही दरवर्षी घासला असता," कमळ म्हणाली. "आणि आज मलाही नऊशे मिळाले असते. म्हणजे हे पैसे तुझ्यामुळे."

"मी तुझ्या भल्यासाठी गुंडाळला नव्हता."

"माहीत आहे. म्हणून निम्मे देत नाही. संडासापुरते देते."

मी तिच्याकडे बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. चाळीस वर्षं तिने हे वाक्य शोधलं असतं तरी याहून बरं सापडलं नसतं. मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. नको म्हणून ताठ्यात घरी येऊन शेवाळावरून चालत राहायचं, किंवा घ्यायचे. मी म्हटलं, "घेते." लाज वाटली का? वाटली. पण गुडघ्याला लाज कळत नाही.

खंडेराव मार्केट

दुसऱ्या दिवशी धनतेरस. सकाळी हेतल म्हणाली, मासी, फुलं आणायला येता का? मी आणि कमळ तिच्याबरोबर रिक्षाने खंडेराव मार्केटला गेलो. इमारत होती तशी आहे, घुमट, कमानी, समोर झेंडूचे ढीग. बाहेरून बघितलं तर वाटेल, मी अजून परकर नेसून वडिलांच्या मागे चाललेय. आत शिरले आणि फळवाल्यापाशी थांबले. त्याने सफरचंदांचे दोन ढीग लावले होते. एका ढिगातल्या प्रत्येक फळावर छोटी इंग्रजी चिठ्ठी चिकटवलेली, दुसऱ्यात नाही.

"याला एकशेवीस का आणि त्याला साठ का?"

"बा, हे परदेशचं. स्टिकरवाळुं."

मी एक स्टिकरचं आणि एक बिनस्टिकरचं दाबून बघितलं. वास घेतला. बिनस्टिकरचंच घट्ट होतं. हेतल मात्र स्टिकरची चार घेऊन मोकळी झाली. पूजेला ठेवायची म्हणाली. मी मसाल्याच्या दुकानातून पावशेर चिंच घेतली आणि पिशवीत टाकली.

"चिंच कशाला?" हेतलने विचारलं. "घरी आहे ने."

"असू दे. जुनी लागते, काळी."

धनतेरस

त्यांच्याकडे लक्ष्मीपूजनाआधीच, धनतेरसला, धनाची पूजा असते. नाणी दुधाने धुतात. हेतलने संध्याकाळी पाट मांडला, रांगोळी काढली, ताम्हणात एक चांदीचं नाणं ठेवलं. दोन वर्षांपूर्वी बँकेतून घेतलेलं, त्यावर लक्ष्मी. पण ते नाणं प्लास्टिकच्या पाकिटात बंद होतं, आणि हेतलने पाकिटासकट त्यावर दूध ओतलं, पाकिटासकट पुसलं, पाकिटाला कुंकू लावलं.

"अगं, उघड तरी," मी म्हटलं.

"ना मासी! सील तोडलं तर बँकवाले म्हणतात, किंमत उतरे."

इथेही तेच. लक्ष्मीलासुद्धा डबीतून बाहेर येऊ देत नाहीत. तीन दिवसांत मला इतके धक्के बसले होते, की या एकासाठी जागाच नव्हती.

कमळ दारापाशी खुर्चीवर बसली होती. पाटावर ती कधीच बसत नाही, हेतलने सांगितलं. कितीदा म्हटलं, मम्मी या, तर म्हणते, मला इथूनच दिसतं. हेतलला वाटत होतं, सासूचे गुडघे दुखतात.

मी स्वयंपाकघरात गेले. दुपारी भिजवलेली चिंच वाटीत होती. नारळाची शेंडी घेतली. रुमालातून माझा रुपया काढला आणि तिन्ही वस्तू कमळच्या मांडीवर नेऊन ठेवल्या.

"हे काय?"

"घास."

तिने वाटीत बघितलं, मग माझ्याकडे. "सतीश म्हणतो, घासल्याने बिघडतो."

"याचं बिघडायचं काही राहिलेलं नाही. पन्नास वर्षं मीच बिघडवलाय. घास."

"पूजेला ठेवायचा?"

"नाही तर काय चाटायचा? हात चालव, हेतल खोळंबलीय."

कमळने रुपया घेतला. आधी नुसता चिंचेत बुडवून धरला. मग शेंडीने एक बाजू घासली, उलटा केला, दुसरी घासली. धुतला, बघितला, पुन्हा चिंचेत घातला. तिच्या हाताला सवय नव्हती, जोर फार लावत होती. तिसऱ्यांदा घातला. हेतल पाटावरून म्हणाली, "मम्मी, बस करो ने! महाराजांचं तोंड घसाई जशे!" कमळने ऐकलं नाही. चिंचेचं पाणी तिच्या मनगटावरून पदरावर उतरलं तरी ती थांबली नाही. मग उठली, पाटावर जाऊन बसली आणि रुपया ताम्हणात बँकेच्या पाकिटाशेजारी ठेवला.

परत येताना मी तो मागितला नाही.

महिन्याने पैसे आले. संडास झाला आहे. गवंड्याने दार उलट्या बाजूला उघडणारं बसवलं, त्यावरून त्याला बोलले, पण पलंगापासून सात पावलांवर आहे आणि दांडीही आहे. ज्यांना बघायचा असेल त्यांनी येऊन बघावा.

गेल्या आठवड्यात कमळचा फोन होता. मी विचारलं, रुपया कुठे ठेवलास? म्हणाली, देव्हाऱ्यात आहे. परवा पुन्हा घासला, एकादशी होती.

एकादशीला कुणी रुपया घासतं का? मी म्हटलं, चिंच जुनी घे, काळी.